गोळी पोटात की उशाखाली?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं: शिबिर झालं, फोटो निघाले, आता कुणाला काय फरक पडला तेवढं सांगा. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली, पण बहुतेक प्रामाणिक. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त गेलीय, कारण ते दुखणं माझंही आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात मी एकतीस वर्षं काढली, शेवटची अकरा विस्तार व माध्यम अधिकारी म्हणून. भिंती रंगवून घ्यायच्या, दवंडी, कलापथक, प्रभातफेरी, आणि शेवटी 'मोहीम यशस्वी' असा अहवाल. तो अहवाल लिहिण्यात माझा हात चांगला बसला होता.

मॅडम, मी पूर्व विदर्भात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत (आजारी असो-नसो, सगळ्या गावाला गोळ्या) आमचं कव्हरेज ९३ टक्के आलं. तालुक्यात दुसरा नंबर. परवा एका घरी बीपी तपासायला गेले, तर त्याच गोळ्या टीव्हीमागे दिसल्या. पुढच्या फेरीचं नियोजन माझ्याकडे आलंय. ९३ हा आकडा खरा मानू का? आणि खरा आकडा काढायला गेले तर मीच अडचणीत येईन का?

तू माझ्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगंच करते.

तुझं टीव्हीमागचं पाकीट वाचलं आणि मला देव्हारा आठवला. तेव्हा डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा दोनच प्रकारच्या गोळ्या होत्या. आमच्या एका तालुक्याने ९६ टक्के कव्हरेज दिलं. मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी फ्रेम करून लावलंही. काही महिन्यांनी रात्रीच्या रक्त तपासणीच्या पथकाबरोबर त्याच तालुक्यातल्या एका गावात गेले. या रोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात वर येतात, त्यामुळे काम सुरू होतं साडेआठनंतर आणि चालतं बारापर्यंत. टॉर्चच्या उजेडात बोटं टोचायची, काचेवर थेंब पसरायचा, नाव लिहायचं. तिथल्या स्लाइडींमध्ये जंतू सापडायला नको होते, ते सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच त्या गल्लीत फिरले. एका आजीला विचारलं, "गोळ्या खाल्ल्या होत्या का?" ती म्हणाली, "खाल्ल्या ना बाई, मंग!" शेजारच्या घरी मी प्रश्न बदलला. म्हटलं, "उरलेल्या गोळ्या परत न्यायला आलेय." ती बाई आत गेली आणि देवाच्या फोटोमागून पुडी काढून माझ्या हातात ठेवली. "सरकारनं देल्या, फेकाच्या कशा? देवापाशी ठेवल्या." मग मी आजीकडे परत गेले आणि तेच वाक्य बोलले. तिच्याकडेही निघाल्या. त्या एका गल्लीतून दुपारपर्यंत माझ्या पिशवीत ६१ गोळ्या जमल्या.

आजी खोटं बोलली असं मला अजूनही वाटत नाही. सरकारी बाईने विचारलं की हो म्हणायचं, ही आपल्याकडची रीत आहे. चूक माझ्या प्रश्नाची होती.

आता तुझ्या ९३ कडे येऊ. आधी भागाकाराच्या रेषेखाली काय आहे ते बघ. समज, गावाची लोकसंख्या ११२०. दोन वर्षांखालची बाळं, गर्भवती आणि गंभीर आजारी मिळून ७० वगळले, उरले १०५०. इथपर्यंत नियमाप्रमाणे. मग कुणीतरी 'कामासाठी बाहेरगावी' म्हणून १३० जण वजा करतं आणि उरतात ९२०. त्यातल्या ८५६ जणांना गोळ्या दिल्या, झाले ९३ टक्के. तेच ८५६ एकूण ११२० ला भागले तर ७६ टक्के होतात. आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याने गोळी गिळलीच नसेल तर खरे खाणारे ५७१, म्हणजे ५१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना मागते ते एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के, आणि तेही गोळी गिळलेले. एकाच गावाचे, एकाच टॅली शीटवरचे हे तीन आकडे. तालुक्यात दुसरा नंबर आणणारा त्यातला सगळ्यात गुबगुबीत असतो.

हा फरक हत्तीरोगात फार महाग पडतो. मोठा जंत माणसाच्या शरीरात कित्येक वर्षं जगतो आणि पिल्लं सोडत राहतो. गोळ्यांनी मुख्यतः ती पिल्लं मरतात. म्हणून दरवर्षी, सलग काही वर्षं, गावातल्या बहुतेकांनी एकदमच खायला हवी. दरवेळी तेच लोक गोळी टाळत असतील तर डासाला जंतू असलेलं रक्त मिळत राहतं आणि तुमची पाच वर्षं पाण्यात जातात.

तपासायचं कसं? तुझ्याकडे पैसे नाहीत, माणसं नाहीत, हे धरूनच सांगते. १९ घरं बघ. हा आकडा मी मनाने काढलेला नाही. कारखान्यात मालाचा अख्खा लॉट न उघडता थोडे नग काढून पास-नापास ठरवतात, तीच पद्धत आरोग्याच्या कामात आली. १९ माणसांना विचारायचं. ८० टक्क्यांचं लक्ष्य असेल तर किमान १३ जणांनी गोळी गिळलेली हवी. १२ किंवा कमी निघाले तर गाव नापास. खरोखर ८० टक्के असलेलं गाव चुकून नापास होण्याची, आणि ५० टक्क्यांचं गाव चुकून पास होण्याची, दोन्ही शक्यता दहा टक्क्यांच्या आत राहतात. मधल्या गावांबद्दल ही पद्धत जरा गुळमुळीत बोलते, आणि गावाची टक्केवारी ती सांगतच नाही. तुला टक्केवारी नकोच आहे. पुन्हा जायचं की नाही, एवढंच ठरवायचंय.

घरं निवडताना चौकापासून सुरुवात करू नकोस. चौकातली घरं नेहमीच पास होतात. ग्रामपंचायतीतून घरांची कर आकारणीची यादी घे, नमुना ८. ३८० घरं असतील तर १९ ने भाग, आले २०. पर्समधून एक नोट काढ आणि तिच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे बघ. १ ते २० मध्ये बसले तर ते पहिलं घर, नाहीतर दुसरी नोट काढ. तिथून दर विसावं घर. टोल्यावरची, नदीपलीकडची, कुत्रं अंगावर येणारी घरंही त्यात येतील. येऊ दे. प्रत्येक घरात एकच माणूस, आणि तोही आशाताईंच्या रजिस्टरमधल्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून. नाहीतर दारात येते ती घरची बाईच उत्तर देते, आणि गोळी टाळणारा तिचा नवरा कायम शेतात असतो. विचारायला मात्र गोळ्या वाटणारी व्यक्ती नको. शेजारच्या उपकेंद्राशी अदलाबदल कर. तू त्यांची १९ घरं बघ, त्यांनी तुझी बघावीत. पोलिओत बाहेरचे लोक बाजारात, एसटी स्टँडवर मुलांच्या करंगळीची शाई बघत फिरायचे. हावड्याचा १३ जानेवारी २०११ चा रुग्ण देशातला जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा ठरला, त्यात या खोडसाळ बघणाऱ्यांचाही वाटा आहे.

प्रश्न कसा विचारायचा ते वर आलंच. त्यात एवढी भर घाल: गोळ्या दाखव आणि विचार, यातली चावून खायची कोणती होती? अल्बेंडाझोल चावायची असते. खाल्लेल्या माणसाला तिची चव आठवते.

आता नियोजन. माझ्या त्या ६१ गोळ्यांच्या मालकांना मी नंतर निवांत बसून विचारलं, का नाही खाल्ल्या? मोहिमेआधीच हे विचारायला हवं होतं. तीन कारणं निघाली आणि तिन्ही माझ्या टेबलावर तयार झालेली.

पहिलं, पोस्टर. मी त्यावर भलामोठा सुजलेला पाय छापला होता, लांबून दिसावा म्हणून. लोकांनी तो बघितला आणि आपल्या पायाकडे बघितलं. "काहून खाऊ? माहा पाय त चांगला हाये!" ज्याचा पाय चांगला आहे त्याच्याही रक्तात जंतू असू शकतात आणि गोळी त्याच्यासाठीच आहे, हे त्या चित्रात कुठेच नव्हतं. चित्राने लोकांना उलटंच शिकवलं.

दुसरं, वेळ. आमची माणसं सकाळी अकराला दारात. ऑगस्टात रोवणी चालू, घरी फक्त म्हातारी माणसं. आणि डीईसी उपाशीपोटी घ्यायची नसते, म्हणून कर्मचारीच सांगायचा, "जेवून घ्या बरं का, ठेवा." ठेवा म्हटलं, लोकांनी ठेवल्या. तुझी फेरी रात्रीच्या जेवणानंतर लाव. सात ते नऊ, दोन-दोन जण, सोबत पाणी आणि कागदी कप. आता आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळी आली असेल तर तिची मात्रा उंचीवर आहे, उंची मोजायची काठी अंधारात नीट दिसेल असा टॉर्च घे. आणि दाराशी उभं राहून गोळी गिळताना बघायचं. आशाताई रात्री फिरणार असतील तर त्यांच्या जेवणाची आणि परतीची सोय आधी कर. सगळ्या योजना त्यांच्याच पायांवर चालतात आणि नियोजनाच्या कागदावर त्यांच्या रात्रीच्या जेवणाला रकाना नसतो.

तिसरं कारण लिहायला मला अजून जड जातं. आदल्या वर्षी काही जणांना गोळीनंतर ताप आला, उलट्या झाल्या. रक्तात जंतू असलेल्यांना असं होतं, कारण ते मरतात. दोन दिवसांत उतरतं. ही ओळ पोस्टरच्या मसुद्यात होती. लोक घाबरतील म्हणून मीच ती काढायला लावली. आधी सांगितलं असतं तर ताप हा गोळी लागू पडल्याचा पुरावा झाला असता. न सांगितल्यामुळे ती अफवा झाली, आणि आमच्या जीपपेक्षा वेगाने पुढच्या गावी पोहोचली. म्हणून तुझ्या गावात मागच्या वेळी ज्याला ताप आला तो माणूस शोध. तोच तुझा प्रचारक.

आणि फेरीच्या आधी वहीत तारीख टाकून एक वाक्य लिही: १९ पैकी १३ नसतील तर या गावात पुन्हा फिरणार. आधी लिही. नंतर लिहायला बसलीस की समोरचा आकडा बघून निकष ठरतो. मी अकरा वर्षं तेच केलं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. हो, अडचणीत येऊ शकतेस. म्हणून तपासणी फेरी संपल्यावर महिन्याने करू नकोस, राहिलेल्यांच्या फेरीच्या आधीच्या दोन दिवसांत कर. तेव्हा कमी निघालेला आकडा हा कुणाचा गुन्हा नसतो, उद्या कुठल्या घरी जायचं त्याची यादी असते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ती यादीच ठेव. कुठल्याही साहेबाला यादी आवडते.

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या बचत गटाच्या महिला. यंदा गटांच्या संघाकडे आरोग्यासाठी ४०,००० रुपये आहेत. ८ मार्चला ३०० महिलांचं हिमोग्लोबिन तपासायचं आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू वाटायचे, असं ठरतंय. सहा महिन्यांनी परत तपासून फरक दाखवला तर पुढच्या वर्षी निधी वाढेल. काही सुचवाल का?

लाडू जरूर वाटा, सणाला गोड हवंच. फक्त अहवालात त्यांना औषध म्हणू नका.

मला पहिल्यांदा विचारायचंय ते असं: संध्याकाळी चार वाजता एखादीचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं तर तिला कुणी, कुठे आणि कशात बसवून न्यायचं? गर्भवती नसलेल्या बाईचं १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, ८ च्या खाली गंभीर. गर्भवतीसाठी हेच आकडे ११ आणि ७. तिनशेत अशा दोन-चार निघतीलच. त्यांना फक्त आकडा सांगून घरी पाठवणं म्हणजे भीतीचं वाटप. रिक्षाचे पैसे, ग्रामीण रुग्णालयात आधी बोलून ठेवलेली वेळ आणि सोबत जाणारी एक बाई, यासाठी ४०,००० मधले पैसे आधी बाजूला काढा. मग जेवढे उरतील तेवढ्यात किती जणी बसतात ते बघा. मला वाटतं, ६० जणींना लोहाच्या गोळ्या देऊन सहा महिने सोडायचं नाही, असं ठरवलंत तर ते तीनशेंच्या रांगेपेक्षा मोठं काम होईल.

आता फरक दाखवण्याचं. इथे फसायला जागा खूप आहे, आणि फसवणारं बाहेरचं कुणी नसतं.

मार्चमध्ये थंड हाताचं बोट दाबून दाबून थेंब काढला की त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. सप्टेंबरात तीच सिस्टर घाईत नसली, हात ऊन पाण्यात बुडवून घेतला, थेंब आपोआप आला, की आकडा वर. बाईच्या रक्तात काहीच बदललेलं नसतं. म्हणून दोन्ही वेळा यंत्र तेच, हात तोच, पद्धत तीच. रंग जुळवून बघायची जुनी नळी एकदा आणि डिजिटल मीटर एकदा, असं अजिबात नको.

दुसरी गंमत आणखी बारीक. तुम्ही सगळ्यात कमी आकड्याच्या वीस जणी निवडल्यात, तर पुढच्या खेपेला त्यांची सरासरी काहीही न करता थोडी वर येते. पहिल्या चाचणीत सगळ्यात कमी मार्क पडलेली वीस पोरं दुसऱ्या चाचणीत शिकवणी न लावता थोडी सुधारतात, तसंच. त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता. आणि तिसरं म्हणजे सप्टेंबरात परत कोण येतं? जिने गोळ्या घेतल्या ती येते. जिने घेतल्या नाहीत ती तोंड चुकवते. आलेल्यांचीच सरासरी काढलीत तर गोळीचं नाही, हजेरीचं कौतुक होईल. मार्चच्या यादीतली प्रत्येक बाई सप्टेंबरच्या कागदावर दिसली पाहिजे, 'आली नाही' असं लिहून का होईना.

या सगळ्यावर एक जुना उपाय आहे. ज्या गावात तुम्ही पुढच्या वर्षी काम करणार आहात, तिथेही याच मार्चमध्ये आणि याच सप्टेंबरात मोजा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचं काम १९९५ ते ९८ मध्ये ३९ गावांत केलं. पण जन्म-मृत्यू मोजले ते आणखी ४७ गावांतही, जिथे ही सेवा नव्हती. ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. त्या ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. ही शेजारची गावं नसती तर कुणीही म्हणू शकलं असतं की रस्ते आले, पाऊस बरा झाला, म्हणून पोरं जगली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाच्या घरी जातात त्याचं मूळ तिथे आहे. तुमच्याकडे तेवढं बळ नसेल, पण शेजारचं एक गाव मोजायला एक दुपार पुरते. तिथेही कमी निघालेल्या बाईला गोळ्या आणि गाडी मिळालीच पाहिजे. मोजून सोडून द्यायचं नाही.

आणि गोळ्यांचं? आरोग्यसेविकेशी बोलून सहा महिन्यांचा साठा आहे का ते बघा. साठा मे महिन्यात संपला तर सप्टेंबरात कशाचं मूल्यमापन करणार? बायकांना आधीच सांगा की शौच काळी होईल, घाबरू नका, आणि गोळी चहाबरोबर नको. दर पंधरा दिवसांनी गटाच्या बैठकीला पासबुकाबरोबर गोळ्यांचं पाकीट आणायला लावा आणि पाकिटातले रिकामे कप्पे मोजा. देशात १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षयी बायकांचं प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत ५३ टक्के होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ते ५७ निघालं. मधल्या काळात गोळ्या कमी वाटल्या गेल्या असं कुणी म्हणणार नाही.

सहा महिन्यांनी फरक नाही दिसला तर तेही लिहून पाठवा. निधी देणारा समंजस असेल तर वाढवेल. नसेल तर तुम्हाला पुढच्या वर्षी दुसरा निधी देणारा शोधायचाय, हे तरी कळेल.

मॅडम, मी चिपळूण तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पट ४६. हात धुण्याच्या उपक्रमाचा 'आधी आणि नंतर' असा अहवाल मागितलाय. मी मुलांची प्रश्नमंजूषा घेतली. आधी ४१ जणांना बरोबर उत्तरं आली, नंतर ४६. एवढं पुरे का?

सर, ४१ मुलांना आधीच येत होतं, हेच तुम्हाला उत्तर मिळालंय. हात कधी धुवायचे हे मुलांना पाठ आहे. ती धुतात का, हा प्रश्न वेगळा.

मुलांना काही विचारू नका. साबण मोजा. घरच्या स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणा. सोमवारी शाळा भरायच्या आधी वडीचं वजन करा, म्हणजे ती रविवारी सुकलेली असते. ओली वडी जड भरते. पहिले दोन आठवडे कुणाला काही सांगायचं नाही, नुसतं वजन टिपायचं. मग तुमचा उपक्रम सुरू करा आणि महिनाभर टिपत राहा. झिजलेले ग्रॅम भागिले हजर मुलं भागिले शाळेचे दिवस, एवढंच गणित, ते सातवीची मुलंच करतील. वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा, नाहीतर कोकणात कावळा साबण उचलतो आणि तुमचा आकडा फुकट फुगतो.

साबण खिचडीच्या वेळी नळापाशी असतो ना? एका शाळेत मी 'स्वच्छ हात' असं सुंदर भित्तिचित्र बघितलं होतं, आणि साबण कपाटात कुलूपबंद, तपासणीला काढायचा म्हणून. त्या शाळेच्या प्रश्नमंजूषेतही शंभर टक्के होते.

नमस्कार. आमची ठाण्यातली सोसायटी, २१२ फ्लॅट. डेंग्यूसाठी दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर संदेश टाकतो, दोनदा धूरफवारणी करून घेतली. तरी गेल्या पावसाळ्यात रुग्ण निघाले. काय चुकतंय? (सचिव)

धूर दिसतो, त्याचा वास येतो, म्हणून सभासदांना काम झाल्यासारखं वाटतं. तो उडणारा डास मारतो. कुंडीखालच्या ताटलीतल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात त्यांचे डास होतात. पाण्याची सगळी भांडी रिकामी करून सुकवायचा 'कोरडा दिवस' आठवड्यातून एकदा पाळायला सांगतात, तो या हिशेबानेच.

संदेश किती जणांनी वाचला ते बघणं सोडा, निळ्या खुणांनी अळी मरत नाही. दोन माणसं, टॉर्च आणि एक पांढरी वाटी घेऊन शनिवारी सकाळी दारोदार जा. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, एसीच्या पाण्याची बादली, गच्चीतल्या कुंड्या, खाली पार्किंगमधलं टायर. पाणी असलेली प्रत्येक वस्तू बघायची, अळ्या असलेली टिपायची. समजा १५० फ्लॅट उघडले, ९ फ्लॅटमध्ये अळ्या मिळाल्या आणि अशी भांडी १२ निघाली. तर शंभर घरांमागे ६ घरं आणि ८ भांडी. आरोग्य खात्याचे कीटक सर्वेक्षणवाले हेच दोन आकडे काढतात: घर निर्देशांक आणि ब्रेटो निर्देशांक. हे तुम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा काढा आणि मग दर पंधरा दिवसांनी. ते खाली आले तर तुमचे संदेश लागू पडले, असं म्हणता येईल. आणि कुठल्या प्रकारच्या भांड्यात अळ्या जास्त, तेही लिहा. पुढच्या आठवड्याचा संदेश फक्त त्या भांड्याबद्दल, फोटोसकट. दहा सूचनांचा लांबलचक मजकूर नको.

राहिलेले ६२ फ्लॅट, जिथे कुलूप होतं किंवा दार उघडलं नाही, त्यांचा रकाना वेगळा ठेवा. 'अळ्या नाहीत' यात ते मिळवू नका. मालक परदेशी असलेल्या बंद फ्लॅटच्या बाल्कनीत कुंड्या कुणाच्या आहेत आणि किल्ली कुणाकडे, एवढं मात्र पहिल्याच शनिवारी वॉचमनला विचारून घ्या.